किल्लीचे मत राहिले आहे

पाठीला भले मोठे कुबड असलेला मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो. हल्लीचे टीव्ही पालीसारखे भिंतीला चिकटून असतात. आमचे तसे नव्हते. आम्हाला उचलायला दोन माणसे लागत, ठेवायला भक्कम टेबल लागे, आणि आम्ही घरात आलो की आधीच्या कपाटाला कोपऱ्यात सरकावे लागे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. मी आजवर एकही कार्यक्रम पाहिलेला नाही. चित्र उमटते ते माझ्या तोंडावर, आणि स्वतःचे तोंड कुणाला दिसते? आवाज कानावर पडतो, पण नुसत्या आवाजातून धड काही उमगत नाही. मला दिसतात ती समोर बसलेली माणसे. ती हसली की मी ओळखतो, काहीतरी गमतीचे चालले आहे. ती एकमेकांकडे बघायचे टाळू लागली की ओळखतो, आता रडू येण्यासारखे काही आहे. कार्यक्रम संपल्यावर ती आपसांत जे बोलतात, त्यावरून मला गोष्ट कळते. ज्या मालिकेने माझे आयुष्य घडवले, ती मला सगळी अशीच, लोकांच्या भांडणांतून समजली.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी हळूहळू पुढे जात होतो आणि प्रत्येक टेबलापाशी कुणीतरी माझ्यात काही ना काही बसवत होते. शेवटच्या टेबलाशी जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. रंग तपासणे हे त्यांचे काम. "लाल अंमळ जास्त आहे," असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीमागचा एक स्क्रू केसभर फिरवला, डोके मागे घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "हं. आता माणसं माणसांसारखी दिसतात." जगात आल्यावर माझ्या वाट्याला आलेले हे पहिले कौतुक. त्यानंतर मला थर्माकोलमध्ये बसवून खोक्यात बंद केले.

खोके उघडले ते एका बसड्रायव्हरच्या घरात. पुढे सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणू लागले, म्हणून मीही तसेच म्हणतो. दोन खोल्यांचे घर. त्यात काका, काकू आणि त्यांची एकुलती एक मुलगी. मुलगी तेव्हा इतकी लहान होती की माझ्या रिकाम्या खोक्यात बसली की दिसायचीसुद्धा नाही. ते खोके टाकायचे म्हटले की ती घर डोक्यावर घेई.

त्याच सुमारास 'साडेपाच' नावाची एक कार्टून मालिका सुरू झाली. एका घरातली पाच माणसे आणि एक कासव. कासव अर्धे धरायचे, म्हणून साडेपाच. मालिका लागायची मात्र सात वाजता, आणि या घोटाळ्यापायी शेजारचे आजोबा पहिले काही दिवस दीड तास आधीच येऊन बसत. घरातले बाबा जे दुरुस्त करायला घेत ते कायमचे मोडत. आई दुसऱ्याला द्यायची उत्तरे आधी आरशासमोर पाठ करायची. जुळ्या भावंडांचा एकमेकांशी अबोला, त्यामुळे ती कासवामार्फत बोलत. आजोबांना कमी ऐकू येई, पण ते म्हणत की लोकच हळू बोलतात. मालिका वर्षानुवर्षे चालली. बघणारी मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली. साडेपाचवाले मात्र होते तेवढ्याच वयाचे राहिले.

आमच्या घरात ती बघायची पद्धत ठरलेली होती. मुलगी जमिनीवर, काका खुर्चीत, पाय स्टुलावर. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. "मला कुठे वेळ आहे असलं बघायला," असे त्या रोज म्हणायच्या आणि विनोद झाला की सगळ्यांच्या आधी हसायच्या. भाग संपला की वाद सुरू. मुलीचा आवडता भाग दर आठवड्याला बदले. कधी बाबांनी शिडी बनवली तो, तर कधी आईने संप केला तो. काकांचा मात्र एकच, कासव हरवल्याचा.

त्या भागाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की तोंडपाठ झाली आहे. एके सकाळी आजोबा फिरून घरी येतात तर कासव जागेवर नाही. ते सगळ्या गावात शोधतात. पुढे शेजारीपाजारी शोधायला लागतात, पोलीस येतात, अग्निशमन दल येते. संध्याकाळी आजोबा दमून, मान खाली घालून परततात, तर कासव फाटकाशी उभे. सकाळी आजोबा फिरायला निघाले तेव्हाच ते त्यांच्या मागोमाग निघाले होते आणि दिवसभर चालून जेमतेम फाटकापर्यंत पोचले होते.

"यात एवढं काय आहे?" मुलीने एकदा काकांना विचारले.

उत्तर काकूंनी दारातून दिले. "तू दोन वर्षांची होतीस तेव्हा यांची दुसरी पाळी असायची. उशिरा यायचे. एकदा आले तर तू जिन्यात, तिसऱ्या पायरीवर झोपलेली. दार उघडं राहिलं होतं आणि तू यांना आणायला निघाली होतीस. तेवढ्यातच दमलीस."

"पुरे आता," काका म्हणाले आणि त्यांनी माझा आवाज वाढवला. जाहिरात चालू होती तरीही.

वर्षे गेली. मुलगी शिकली, नोकरीला लागली आणि तिने घरात एक पातळ, रुंद टीव्ही आणला. माझी रवानगी चपलांच्या कपाटाशेजारी झाली. माझ्या डोक्यावर आधी इस्त्रीचे कपडे आले, मग जुनी वर्तमानपत्रे, मग एक कुंडी. मला राग आला नाही. नवीन सून आली की जुन्या सुनेला थोडे बसायला मिळते म्हणतात, तसे मी धरून चाललो. पण समोर भिंत होती, मित्रांनो, आणि भिंतीला चेहरा नसतो. त्याचे मात्र वाईट वाटे.

याच काळात काका आजारी पडले. त्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवले. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचे, हातात जाड सुया घ्यायच्या आणि चार तास पडून राहायचे. तेवढ्या वेळात मशिन अंगातले रक्त बाहेर घेते, धुते आणि परत आत सोडते. याला डायलिसिस म्हणतात. ते एकदा सुरू झाले की सुट्टी नाही.

"सुयांचं काही नाही," काका घरी येऊन सांगत. "पण छताकडे बघून बघून जीव जातो. सहा माणसं सहा खुर्च्यांवर पडलेली, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. बसमध्ये निदान सुट्ट्या पैशांवरून भांडणं तरी व्हायची."

एके दिवशी मुलीने माझ्यावरची कुंडी उचलली, ओल्या फडक्याने माझी काच पुसली आणि म्हणाली, "बाबा, याला घेऊन जाऊ या तिथे?"

दवाखान्यातल्या टेक्निशियनने मला दोन्ही हातांनी हलवून पाहिले. "भिंतीवर नाही टिकायचा हा," तो म्हणाला. "भिंतच खाली येईल." मग मला औषधांच्या लोखंडी कपाटावर बसवले. तिथून मला सहाही खुर्च्या दिसत.

काकांनी एक चॅनल लावायला सांगितले. त्यावर दुपारी 'साडेपाच'चे जुने भाग लागत. कुठला भाग कधी लागेल याला काही ताळतंत्र नव्हते. एक झाला की दुसरा कुठलाही.

पहिल्या दुपारी सगळे गप्पच होते. काकांच्या शेजारी मोठ्या बाई असत. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला वाटले, आता अंगठे धरून उभे राहावे लागणार. "हे काय लहान मुलांचं लावलंय?" त्या म्हणाल्या. काका ओशाळून रिमोट शोधू लागले. पण हाताला सुई असली की हात हलवता येत नाही आणि रिमोट टेबलावर होता, त्यामुळे भाग चालू राहिला. तो संपला आणि बाई छताकडे बघत म्हणाल्या, "हा काही खास नाही. लाइट गेल्याचा भाग याच्या कितीतरी वर आहे."

जागे होते त्या सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या.

"तुम्ही बघता, बाई?" काकांनी विचारले.

"नातवंडांबरोबर बघायचे. ती लांब राहायला गेली. मग एकटी बघू लागले." बाईंनी बाकीच्यांवरून नजर फिरवली. "आणि हसता काय? तुमचा कुठला आवडता?"

"कासव हरवल्याचा."

"तो रडका आहे," बाईंनी निकाल दिला, आणि त्या हॉलमध्ये पहिल्यांदा भांडण सुरू झाले.

बाईंच्या भागात घरातले दिवे जातात. अंधारात कोण कुठे बसले आहे हे कळत नाही, त्यामुळे अबोला धरलेली जुळी भावंडे चुकून एकमेकांशी बोलू लागतात आणि बोलतच राहतात. शेवटी दिवे येतात. तेव्हा आजोबा उठतात आणि आपल्या हाताने बटण बंद करतात. "बंद कुणी केलं, असं कुणीच विचारत नाही," बाई सांगत. "ते न विचारणं, तिथे सगळी गंमत आहे."

पलीकडच्या खुर्चीवरचे बेकरीवाले बाईंच्या बाजूने गेले, पण त्यांचे कारण वेगळे होते. त्या अंधारात कुणीतरी अख्खा केक फस्त करतो. "जन्मभर केक बनवले आणि आता डॉक्टर मला त्याचा वाससुद्धा घेऊ देत नाही," ते म्हणत. "निदान दुसऱ्यानं खाल्लेला तरी ऐकू दे." सुया टोचणाऱ्या सिस्टर कासवाच्या बाजूने होत्या. टेक्निशियन म्हणाला, "दोन्ही पक्षांच्या मशिनी मलाच चालवायच्यात. मी आपला पंच बरा." उरलेल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवरचे गृहस्थ आल्याबरोबर घोरू लागत. त्यांचे मत कुणी धरले नाही. म्हणजे दोन विरुद्ध दोन. नवे भाग पाणचट झाले आहेत, एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत होते. ज्यांना दिवसाला मोजून पाणी प्यायचे असते, त्यांच्या तोंडी तो शब्द ऐकून सिस्टरना फार हसू येई.

आता सहावी खुर्ची, खिडकीजवळची. तिच्यावर एक तरुण मुलगी असे. तिच्या वडिलांचे किल्ल्या बनवण्याचे दुकान होते आणि आजारी पडेपर्यंत तीच ते चालवायची, म्हणून सगळे तिला किल्ली म्हणत. होतीही किल्लीसारखीच सडपातळ. तिची आत्या तिला घेऊन यायची आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायची. किल्ली आत आली की डोळे मिटून घेई. कासवाचा भाग लागला तेव्हा तिने तो पाहिला, मला दिसले. पण टेक्निशियनने मत विचारले तर म्हणाली, "मला काय फरक पडतो?"

एके दिवशी ती आलीच नाही. सिस्टरनी फोनावर फोन केले. तिसऱ्या दिवशी, डायलिसिसच्या पुढच्या पाळीला, आत्या तिला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. चेहरा सुजलेला, श्वास घेताना छाती वरखाली होत होती. तिला मशिनवर घेतले. काका, बाई, बेकरीवाले आपापल्या खुर्च्यांवर होतेच. तिचा श्वास जरा ताळ्यावर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "अगं, डायलिसिसची एक पाळी चुकली तरी छातीत पाणी भरतं. सांगितलं होतं ना तुला?"

"माहितेय मला," किल्ली म्हणाली. "मुद्दामच आले नाही. यायचं, पडायचं, घरी जायचं, परत यायचं. असं किती दिवस? यापेक्षा नकोच ते."

बाहेरच्या बाकावर आत्याने तोंडाला पदर लावला. बेकरीवाल्यांनी झोपेचे सोंग घेतले. बाईंनी काहीतरी उपदेश करायला तोंड उघडले आणि मग मोकळ्या हाताने नुसतेच पांघरूण सारखे केले.

काका म्हणाले, "ते राहू दे बाजूला. तुझं मत राहिलंय."

किल्लीने डोळे उघडले. "कसलं मत?"

"कासव की अंधार. दोन-दोनवर अडलंय. इतके दिवस मी या बाईंचं ऐकून घेतोय. तू सांगितलंस की एकदाचं मिटेल."

"मग कासव," ती कंटाळून म्हणाली.

"असं कसं?" टेक्निशियन मशिनीवरची नजर न काढता म्हणाला. "अंधारवाला पाहिलायस का?"

"नाही."

"मग मत बाद. दोन्ही पाहिल्याशिवाय मत देता येणार नाही. नियम आहे."

असा नियम त्या क्षणापर्यंत नव्हता, हे मला ठाऊक होते. पण बाई लगेच म्हणाल्या, "बरोबर आहे. शिस्त म्हणजे शिस्त."

"आणि तो लागणार कधी?"

"लागेल तेव्हा लागेल," काका म्हणाले. "उद्या लागेल, नाहीतर महिन्यानं. आपल्या हातात थोडंच आहे?"

किल्ली यायला लागली. हसतखेळत नव्हे, धुसफुसतच. आली की पहिला प्रश्न, "लागला का?" लागलेला नसे. शिडीचा लागे, संपाचा लागे, आजोबा मोटारसायकल शिकतात तो तर तीनदा लागला. आता डोळे मिटणे बंद झाले होते. एकदा ती म्हणाली, "या लोकांचं बरं आहे. कितीही गोंधळ घाला, पुढच्या भागात सगळं जागच्या जागी."

"आपलं तरी काय वेगळं?" काका म्हणाले. "परवा बघ. तू, मी, बाई, सगळे जागच्या जागी."

ती हसली नाही, पण खांदे जरा सैल झाले.

मग एका दुपारी भलतेच झाले. कासवाचा भाग परत लागला, आणि एरवी मधेच डुलकी घेणारे बेकरीवाले त्या दिवशी जागे होते. त्यांनी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. कासव फाटकाशी दिसते तिथे त्यांनी मोकळ्या हाताने डोळे टिपले. "एवढं चाललं बिचारं," ते म्हणाले, "आणि पोचलं कुठं, तर फाटकापर्यंत." मग घसा साफ करून त्यांनी जाहीर केले, "मी पक्ष बदलला. कासव."

"म्हणजे तीन विरुद्ध एक," टेक्निशियनच्या तोंडून निघून गेले. "लागला की निकाल."

"मग माझं मत कशाला हवंय?" किल्ली म्हणाली. गमतीत म्हणाल्यासारखेच म्हणाली. पण मी समोर होतो, मित्रांनो. तिचा चेहरा दिवा मालवावा तसा झालेला मी पाहिला. तिने हळूच डोळे मिटले.

काकांनीही ते पाहिले. त्यांची मुलगी त्या दिवशी त्यांना घरी न्यायला आली होती, दाराशी उभी होती. काका खुर्चीत जरा सावरून बसले.

"थांबा," ते म्हणाले. "मला बोलायचंय. मी नीट विचार केला. बाईंचं बरोबर आहे. अंधारवालाच चांगला."

बेकरीवाल्यांनी डोळे टिपायचे थांबवून काकांकडे पाहिले.

"काय?" बाई म्हणाल्या. "इतके महिने माझ्याशी वाद घातलात आणि आज—"

"बाई," काका हळू आवाजात म्हणाले, "जिंकायला मिळतंय तर गुपचूप जिंका."

बाईंनी एकदा काकांकडे पाहिले, एकदा खिडकीकडे, आणि त्या गप्प झाल्या. आयुष्यात त्यांनी मधेच थांबवलेले ते बहुधा पहिलेच वाक्य असावे. टेक्निशियनने बोटे मोजली. "परत दोन-दोन. किल्ली, परवा वेळेवर ये."

सुया काढून झाल्यावर मुलगी काकांना उठवायला आली. माझ्या अगदी खाली उभी राहून ती कुजबुजली, "बाबा, तुम्ही? कासव सोडलंत?"

"रस्ता बंद असला की बस दुसऱ्या रस्त्यानं न्यावी लागते," काका म्हणाले. "उतारू पोचल्याशी मतलब."

तिने खिडकीकडच्या खुर्चीकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. काकांच्या खांद्यावर हात ठेवून ती त्यांना घेऊन गेली.

आणि अखेर तो दिवस आला. भाग सुरू झाल्याबरोबर बाई म्हणाल्या, "शू. हाच." सगळे माझ्याकडे बघू लागले. थोड्या वेळाने एकदम सगळ्यांचे चेहरे काळोखले. माझा उजेडच त्यांच्यावर पडेना. मला वाटले, संपलो. नेमका आजच दगा दिला. टेक्निशियनलाही तसेच वाटले. तो धावत आला आणि त्याने माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"अहो मारताय काय त्याला?" बाई ओरडल्या. "लाइट गेलेत. गोष्टीतले."

टेक्निशियन हात तसाच वर धरून उभा राहिला. आणि मग खिडकीकडून हसू आले. किल्ली हसत होती. आधी दबून, मग इतकी की सिस्टरना येऊन तिचा हात धरावा लागला, सुई हलू नये म्हणून. "टीव्हीला उगीच मारलं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दारातून आत्या डोकावली, काय झाले ते तिला कळेना, आणि काय झाले ते न कळताच तीही हसू लागली. तो धपाटा मला आजही आठवतो. इतक्या आनंदाने कुणी मार खाल्ला नसेल.

भाग संपला. सगळे तिच्याकडे वळले.

"मला आत्ता ठरवता येत नाही," किल्ली म्हणाली. "परवा आले की सांगते."

परवा तिने सांगितले नाही. त्याच्या पुढच्या पाळीलाही नाही. कुणी आग्रहही केला नाही.

पावसाळा संपता संपता आत्याच्या तपासण्या झाल्या आणि तिची किडनी किल्लीला चालेल असे डॉक्टरांनी सांगितले. दोघींच्या ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधीच्या शेवटच्या पाळीला, सुया काढून झाल्यावर, किल्ली घरी न जाता काकांच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली.

"काका, माझं मत कासवाला," ती म्हणाली. "आणि तुम्हीही आता आपल्या जागेवर परत या."

"म्हणजे?"

"तुमच्या मुलीनं मला सांगितलं होतं, बाहेर बाकावर. त्याच आठवड्यात. जिन्यातली गोष्टसुद्धा सांगितली."

काका म्हणाले, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? माझ्यासाठी तुम्ही कासव सोडलंत. सकाळी उठून इथे यायला मला तेवढं पुरत होतं."

काकांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघू लागले. माझ्यावर त्या वेळी कुठल्याशा साबणाची जाहिरात चालू होती, पण त्यांना ती दिसत नव्हती. डोळे भरून आल्यावर कुणाला काय दिसते? बाई शेजारून म्हणाल्या, "म्हणजे आता मी एकटीच उरले. चालेल. मुख्याध्यापकाच्या बाजूनं कुणी नसतंच." आणि सगळे हसले, म्हणून काकांनाही हसता आले.

ऑपरेशन नीट पार पडले. किल्ली परत दुकानात बसू लागली. तपासणीला आली की वर येऊन सगळ्यांना भेटे आणि आत्याला पुढे करून सांगे, "माझ्या अंगात आत्याची किडनी आहे, म्हणून हल्ली मलाही दुपारी जेवल्यावर डुलकी लागते." आत्या तिला लटकेच मारी.

पुढच्या वर्षी ड्रायव्हरकाका गेले. घरी, खुर्चीत, पाय स्टुलावर असताना. काही दिवसांनी त्यांची मुलगी हॉलमध्ये सगळ्यांचे आभार मानायला आली. त्यांच्या खुर्चीवर तेव्हा नवे कुणी आले नव्हते. बाई म्हणाल्या, "बस थोडा वेळ. आता लागेल." ती बसली. कुठला भाग लागला ते मला आठवत नाही. तो संपल्यावर बाईंनी तिला विचारले, "तुझा आवडता कुठला गं?" आणि लहानपणी दर आठवड्याला आवड बदलणारी ती मुलगी आवडते भाग एकामागून एक सांगत बसली. प्रत्येक भागाबरोबर वडिलांची एक आठवण निघत होती. दिवेलागण झाली तरी तिला कुणी घाई केली नाही.

माझेही वय होत चालले होते. चित्र कडेने आक्रसू लागले, रंगांत हिरवा घुसला. टेक्निशियनने जंग जंग पछाडले, पण माझ्या जातीचे सुटे भाग आता मिळत नाहीत. मग दवाखान्याने प्रत्येक खुर्चीला स्वतंत्र छोटा टीव्ही बसवला आणि प्रत्येकाला कानात घालायची वायर दिली. मला हॉलशेजारच्या सामानाच्या खोलीत ठेवले. जाण्याआधी सिस्टरनी मला पुसून घेतले आणि बाईंनी मोकळा हात वर करून मला निरोप दिला. शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांना देतात तसा.

पहिले काही दिवस भिंतीपलीकडून एक अक्षर ऐकू येईना. ज्याचा तो, ज्याच्या त्याच्या खुर्चीत. मग एका दुपारी बाईंचा आवाज आला. "कानातलं काढा सगळ्यांनी. बेकरीवाले, तुम्हीसुद्धा. सगळ्यांनी एकच लावा. एकट्यानं बघून भांडायचं कुणाशी?" त्यांच्या आवाजापुढे कुणाचे काय चालणार? तेव्हापासून भिंतीपलीकडे पुन्हा गलका असतो. कालच कुणी नवा माणूस आला. शिडीचा भाग सगळ्यांत भारी, असे तो म्हणाला आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले. "किती वेळ राहिला?" असे नवी माणसे सारखी विचारतात, ते त्याने एकदाही विचारले नाही.

मित्रांनो, माझ्याजवळ कुणाविरुद्ध तक्रार नाही. रंग तपासणाऱ्या त्या बाईंपासून मला धपाटा घालणाऱ्या टेक्निशियनपर्यंत सगळ्यांचा मी ऋणी आहे. घरातल्या जुन्या वस्तू जपा, असे मी सांगायला हवे, आणि जपल्यात तर चांगलेच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. वर्गात, रांगेत, दवाखान्याच्या बाकावर तुमच्या शेजारी कुणी गप्प बसलेले दिसले, तर नुसते "कसे आहात?" विचारून थांबू नका. त्याला सगळे "बरा आहे" एवढेच म्हणतात. तुमचा आवडता भाग कुठला, ते विचारा. आणि त्याने सांगायला सुरुवात केली की गोष्ट तुम्हाला माहीत असली तरी मध्येच तोडू नका.

पलीकडे आता जाहिराती लागल्या आहेत, म्हणजे सगळे बोलायला मोकळे झाले. जरा शांत बसा, मला ऐकू द्या.